बॉबिन कातणाऱ्या आजोबांच्या गोष्टी: प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

आजपासून नोंदी ठेवतेय. काम असं आहे की इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या आसपास, म्हणजे बकिंगहॅमशर, बेडफर्डशर आणि नॉर्थहॅम्प्टनशर या तीन काउंटी जिथे भिडतात त्या पट्ट्यात, लेस विणायची बॉबिन लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, कातणारे जे थोडे म्हातारे कारागीर उरलेत त्यांचं बोलणं आणि त्यांचे हात रेकॉर्ड करून ठेवायचे. मी तीन वर्षं दर सोमवारी गावच्या हॉलमध्ये लेस शिकायला जाते, तिथूनच हे डोक्यात आलं.

ज्यांनी बॉबिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ही लेस सुईने किंवा क्रोशाने करत नाहीत. गच्च भरलेली उशी, तिच्यावर टोचलेलं नक्षीचं कार्ड, कार्डावर टाचण्या, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बॉबिन. बॉबिन म्हणजे साधारण १० सेंमीची पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी, वर दोरा गुंडाळायला मान, खाली पितळी तारेत ओवलेल्या काचेच्या मण्यांचं कडं. त्या कड्याला इथे स्पँगल म्हणतात. वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि मण्यांमुळे कांडी उशीवरून घरंगळत नाही. साध्या पट्टीला वीसेक बॉबिन पुरतात, मोठ्या नक्षीला शंभराच्या वर जातात.

जुन्या हाडाच्या बॉबिनवर अक्षरं असतात, बारीक ठिपक्यांची, लाल-निळा रंग भरलेली, कांडीभोवती गोल गोल चढत जाणारी. बायकांची नावं, प्रियकरांची नावं, 'पटकन मुका घे' असलं काही, आणि बेडफर्डला फाशी गेलेल्यांचीसुद्धा नावं, जोसेफ कॅसल, १८६०. पण ज्याने ते अक्षर पाडलं त्याचं नाव जवळजवळ कधीच नसतं. डीनशँगरचे जेसी आणि जेम्स कॉम्प्टन, क्रॅनफिल्डचा 'बॉबिन ब्राऊन' ही नावं आज माहीत आहेत ती मागाहून लोकांनी अक्षरांची वळणं आणि कातण्याची ढब जुळवून जुळवून शोधली म्हणून. एका कारागिराचं नाव शेवटपर्यंत सापडलंच नाही, त्याच्या बॉबिनचं टोक बोथट असतं म्हणून अभ्यासकांनी त्याला बोथट टोकवाला एवढंच म्हटलं. हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आणि आत्ता जिवंत असलेल्या कातणाऱ्यांचंही तेच होणार हे दिसत होतं. १९७०-८० च्या दशकांत इथे लेस परत शिकायला लागले लोक, लेस गिल्ड ही लेस विणणाऱ्यांची संस्था १९७६ ला निघाली, तेव्हा गॅरेजमध्ये लेथ लावून बॉबिन कातायला लागलेली जी पिढी होती ती आता ऐंशीच्या पुढे आहे.

मराठीत लिहितेय कारण मी सावंतवाडीची. तिथल्या लाकडी खेळण्यांच्या चितार आळीतून जाता-येता लहानपण गेलं. उद्या आपल्याकडे कुणी चितार आळीतल्या, पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांचं असं काही करायला घेतलं तर माझ्या चुका त्यांना परत करायला लागू नयेत.

२२ सप्टेंबर

सामान जमवलं. सेकंडहँड रेकॉर्डर ८५ पौंड, कॉलरला लावायचा माईक २२, दोन मेमरी कार्डं १८, माईकला फोमची टोपी ६, आणि दोन हार्ड डिस्क ५२ प्रमाणे १०४. एकूण २३५ पौंड. व्हिडिओसाठी नवऱ्याचा जुना कॅमेरा. दोन हार्ड डिस्क कशाला असं घरी विचारलं गेलं. एक घरात आणि एक दुसऱ्या घरात ठेवायची, हे मी ठाम धरलं, आणि यावर खर्च वाचवू नका असं आत्ताच सांगते.

५ ऑक्टोबर

पहिली मुलाखत. आजोबा ८४ वर्षांचे, क्लासमधल्या एका बाईंच्या ओळखीतून मिळाले. नाव इथे लिहीत नाही, पहिले आजोबा म्हणते. मी १८ प्रश्न टाईप करून नेले होते. कधी सुरू केलं, कुणाकडून शिकलात, किती बॉबिन केलीत, आवडतं लाकूड कुठलं. त्यांनी सोफ्यावर बसून सगळ्याची उत्तरं दिली, सभ्यपणे, दोन-दोन वाक्यांत. सत्तेचाळीस मिनिटांत सगळं संपलं आणि आम्ही चहा प्यायलो. निघताना मी रेकॉर्डर बंद करून बॅगेत टाकला आणि दारात उभं राहून ते सहज सांगायला लागले की सुरुवातीची शंभरएक बॉबिन त्यांनी शेकोटीत जाळली होती, कारण बायको म्हणाली याची मान दोरा कापते. दहा मिनिटं बोलत होते. रेकॉर्डर बॅगेत.

६ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग ऐकलं. वाईट आहे. एक तर मागे भिंतीवरचं घड्याळ सतत टकटकतंय, खोलीत असताना मला ते ऐकूसुद्धा आलं नव्हतं. दुसरं म्हणजे रेकॉर्डरचं आवाज आपोआप कमी-जास्त करायचं सेटिंग चालू होतं, त्यामुळे आजोबा गप्प झाले की घड्याळाचा आवाज फुगतो आणि ते बोलायला लागले की पहिला शब्द दबतो. तिसरं, फाईल एमपीथ्रीत, म्हणजे आवाजाचा तपशील गाळून लहान केलेली, झाली. आता बदललंय: वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण अर्धा जीबी जाते, कार्डाला ते काहीच नाही. आवाज हाताने ठरवायचा. बसायच्या आधी डोळे मिटून एक मिनिट खोली ऐकायची, आणि घड्याळ, फ्रिज, माशांच्या टाकीचा पंप, जे काय असेल ते विचारून बंद करायचं. फ्रिज बंद केला तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही युक्ती मला दुसऱ्या एका रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी सांगितली, आणि खरंच कामाची आहे.

अजून एक मोठी चूक आजच कळली. मी संमतीच्या कागदावर सही घेतली होती, रेकॉर्ड करायला हरकत नाही अशी. पण इथल्या कायद्यात बोलणाऱ्याच्या शब्दांचा कॉपीराईट बोलणाऱ्याचाच असतो, रेकॉर्ड मी केलं म्हणून ते शब्द माझे होत नाहीत. म्हणजे उद्या हे एखाद्या म्युझियमला द्यायचं तर त्यासाठी वेगळी लेखी परवानगी हवी: कोण ऐकू शकेल, कुठे ठेवायचं, नाव द्यायचं की नाही. नवा कागद बनवला, दोन पानी, मोठ्या अक्षरात, प्रत्येक मुद्द्याला हो किंवा नाही. यात आख्खा रविवार गेला.

२६ ऑक्टोबर

परत पहिल्या आजोबांकडे. या वेळी प्रश्न नेलेच नाहीत. फक्त म्हटलं की मला एक बॉबिन करून दाखवाल का, सावकाश, आणि ते लगेच उठले, चप्पल बदलून शेडमध्ये.

शेड म्हणजे बागेच्या टोकाला दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी लाकडी खोली. भिंतीला खिळ्यांवर पटाश्या, खिडकीत जॅमच्या बाटल्यांत लाकडाचे तुकडे, प्रत्येक बाटलीवर झाडाचं नाव आणि ते झाड कुणाच्या बागेतून आलं ते. प्लम, चेरी, यू, बॉक्सवुड, ब्लॅकथॉर्न. एका बाटलीवर चर्चचं नाव होतं, तिथला यू वादळात पडला तेव्हा पाद्रीबाबांना विचारून फांदी आणली होती. सोफ्यावर मी विचारलं होतं की लाकूड कुठून आणता, तेव्हा म्हणाले होते इकडून तिकडून.

चौकोनी तुकडा घेतला, एक सेंटीमीटर जाडीचा, लेथच्या डाव्या तोंडात चौकोनी खोबण आहे त्यात बसवला, उजवीकडून टेकू दिला, स्विच. आधी गोल पटाशीने कोपरे काढले, मग तिरप्या धारेची पटाशी, तिला ते स्क्यू म्हणतात. ती उजव्या हातात. आणि डाव्या हाताचं पहिलं बोट लाकडाच्या मागे टेकवलेलं, फिरत्या लाकडाला. मी घाबरून विचारलं भाजत नाही का. तर म्हणाले हे बोट काढलं की लाकूड थरथरतं, एवढी बारीक कांडी मधे धनुष्यासारखी वाकते, मग नुसत्या लाटा उमटतात अंगावर. बोटानेच कळतं जाडी किती राहिली ते. बोट दाखवलं मला. पेराच्या आतल्या बाजूला कातडी शिंगासारखी पिवळी, गुळगुळीत, मधे उथळ पन्हळ. चाळीस वर्षांत लाकडाने बोटही कातलं होतं.

आधी दांडा पूर्ण करायचा, काचपेपर, पॉलिश, सगळं, आणि मान सगळ्यात शेवटी, कारण मान बारीक झाली की पुढे कसलाही जोर सोसत नाही. मानेशी आले तसा लेथचा आवाज वर चढला, जरा शिट्टीसारखा, आणि ते बोलायचे थांबले. मीही. मग स्विच बंद, आणि त्या शांततेत त्यांनी आपणहून बायकोची गोष्ट काढली. तिच्या उशीवर पहिली कांडी कशी खरखरीत लागली, ती तेव्हा काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी तुटलेला दोरा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तिने वापरलेली बॉबिन अजून उशीवर तशीच आहेत, अर्धी पट्टी विणलेली, टाचण्यांसकट, वर चादर.

दोन तास दहा मिनिटं रेकॉर्ड झालं. इथून पुढे कुणाचीही मुलाखत सोफ्यावर घ्यायची नाही. हातात हत्यार आलं की माणूस बोलतो.

मी विचारलं तुम्ही बॉबिनवर तुमची खूण का नाही करत. त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाले नाव जिच्या उशीवर असतं तिचं घालायचं.

रात्री आईला फोन केला. विचारलं, आपलं घरचं लाटणं कुणी कातलेलं ग? म्हणाली, तुझ्या आजीने आणलेलं आळीतून, कुणाकडून ते कोण विचारतं.

९ नोव्हेंबर

शेडमधल्या आवाजाने डोकं खाल्लं. लेथ चालू असताना जे बोलले त्यातलं निम्मं कळत नाही, मोटरची घरघर सगळ्यावर. आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरने प्रयत्न केला, घरघर गेली पण आजोबांचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, आणि पटाशी लाकडाला लागते तो सर्र आवाजही गेला, जो मला हवाच होता. तीन संध्याकाळी वाया.

आता पद्धत बदलली. लेथ चालू असताना बोलणं नको, फक्त हात आणि आवाज. स्विच बंद झाला की मी विचारणार आत्ता काय केलंत. कॉलरचा माईक शर्टाच्या आत, कारण बाहेर ठेवला तर भुसा उडून त्यावर टपटपतो. आणि वायरचाच माईक वापरा, माझ्याकडे क्लासमधून आणलेला वायरलेस होता तो मोटर चालू झाली की खरखर करायचा, कारण शोधत बसले नाही.

अजून एक: व्हिडिओ आणि आवाज जुळेनात, बरोबर एक तासाचा फरक. २७ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली, कॅमेऱ्याचं मी बदललं, रेकॉर्डरचं राहिलं. फाईलींची नावं वेळेवरून पडतात त्यामुळे आणखी एका आजोबांच्या सगळ्या फाईलींचा क्रम चुकला होता. आता सुरुवातीला तारीख, वेळ, गाव तोंडाने बोलते आणि एकदा टाळी वाजवते, टाळीवरून दोन्ही जुळवता येतात.

२५ नोव्हेंबर

आज सेंट कॅथरीनचा दिवस, इकडच्या लेस विणणाऱ्यांचा सण, याला कॅटर्न्स म्हणतात. हॉलमध्ये कॅटर्न केक होते, त्यात जिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे घालतात, चव थेट आपल्या जिरा बिस्किटाची आठवण देणारी. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की घरची जुनी बॉबिन घेऊन या, बनवणारा माहीत असेल तर उत्तमच. चौदा जणी डबे घेऊन आल्या. एवढ्या येतील असं वाटलंच नव्हतं.

मजा ही की बिबट्या, वाघ, फुलपाखरू अशी नावं असतात यांना, कथलाची मऊ मिश्रधातू, प्यूटर म्हणतात ती, लाकडात ठिपक्यांत भरली की बिबट्या, पट्ट्यांत भरली की वाघ, पंखांसारखी भरली की फुलपाखरू. पोकळ दांड्यात छोटंसं बॉबिन खुळखुळत असेल तर आई-नि-बाळ. एका आजींनी आपलं आई-नि-बाळ माझ्या कानाशी हलवून दाखवलं.

आणि मग माझ्या हातून वाईट झालं. एक बॉबिन उचलताना स्पँगलची जुनी तार तुटली आणि मणी फरशीवर. नऊ मणी होते, आठ मिळाले, एक हीटरच्या मागे गेला तो सोमवारची झाडलोट करणाऱ्या काकांनी रात्री काढून दिला. पण क्रम गेला. कुठला मणी कुठल्या बाजूला होता याचा फोटो नव्हता. ज्यांचं होतं त्या म्हणाल्या काही बिघडत नाही, तारा तुटतच असतात, त्यांच्या आईनेही ती दोनदा बदलली होती. त्यांच्यासाठी खरंच बिघडलं नसेल, मला रात्रभर झोप लागली नाही. आता नियम: हात लावायच्या आधी डब्यातच फोटो, मग खाली जाड टॉवेल पसरून वस्तू टॉवेलवरच हाताळायची.

१४ डिसेंबर

फोटोंचा आठवडा. अक्षरं कांडीभोवती फिरत चढतात त्यामुळे एका फोटोत नाव वाचता येत नाही. कागद गुंडाळून पेन्सिल घासून ठसा घेऊन पाहिला, ठिपके नीट उमटत नाहीत आणि कागद सरकतो. मग फिरवत फिरवत आठ फोटो, दर वेळी पाव वळणाच्या निम्मं, आणि दिवा बाजूने, जमिनीलगत, म्हणजे ठिपक्यांच्या खड्ड्यात सावली पडते. रंग उडालेली अक्षरंही अशी वाचता आली.

कांडी जागेवर राहावी म्हणून मी फोटो चिकटवायची पुट्टी वापरली, आणि हाडाच्या एका बॉबिनवर तेलकट डाग राहिला. हाड शोषून घेतं. माफी मागितली, डाग अजून आहे. आता दोन फोमचे ठोकळे, त्यांना खाच पाडलेली, खर्च शून्य. नंबरासाठी स्टिकरही लावू नका, गोंद उतरतो. सुती दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधायची.

मोजपट्टी प्रत्येक फोटोत हवी. पहिल्या ६० फोटोंत ती नाही. परत काढले.

११ जानेवारी २०२५

टायपिंग. सॉफ्टवेअरने आपोआप लिहून घ्यायचा प्रयत्न केला. स्क्यू शब्दाचा प्रत्येक ठिकाणी स्क्रू झाला, स्पँगलचं स्पॅनियल, म्हणजे कुत्र्याची जात, आणि बक्स पॉईंट या लेसच्या प्रकाराचं बुक्स पॉईंट. एखादा शब्द असता तर शोधून बदलला असता, पण हेच शब्द तर सगळे कामाचे, आणि पहिले आजोबा शब्दांची शेवटं गिळतात तिथे सॉफ्टवेअर सरळ नवीन वाक्यं रचून मोकळं होतं. एक वाक्य इतकं छान आणि इतकं खोटं होतं की मी ते वहीत उतरवलंसुद्धा होतं, मूळ ऐकल्यावर कळलं की ते असं बोललेच नाहीत. त्यानंतर सगळं हाताने. तासाभराच्या बोलण्याला मला सात तास लागतात. नेटाने रोज पाऊण तास, पोळ्या झाल्यावर.

शब्दांची वही वेगळी केली. प्रत्येक कारागीर त्याच वस्तूला काय म्हणतो ते. यातही शिकले की मी पुस्तकातला शब्द वापरला की ते माझा शब्द उचलतात आणि त्यांचा स्वतःचा शब्द दबतो. म्हणून आता बोटाने दाखवते आणि विचारते, हे काय.

१५ फेब्रुवारी

दुसरे आजोबा, हाडाची बॉबिन करणारे, नॉर्थहॅम्प्टनशरात. जाताना डीनशँगरवरून गेले, मुद्दाम. कॉम्प्टन बापलेक १९व्या शतकात तिथे बसून हाड कातायचे. गाव आता मिल्टन कीन्सला जवळजवळ टेकलंय. पाच मिनिटं गाडी उभी करून नुसती बसले.

हाड बैलाचं, नडगीचं, खाटकाकडून. मला आधी जड गेलं, खोटं नाही बोलणार. उकळून चरबी काढायची, एकदा नाही, तीनदा-चारदा, नाहीतर पुढे वर्षभराने पिवळं पडतं. मग वाळवून पट्ट्या कापायच्या. त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरात उकळलं होतं आणि त्यानंतर घरात परवानगी कायमची गेली, आता बागेत गॅसवर. धूळ पिठासारखी बारीक, मास्कशिवाय उभं राहू दिलं नाही मला. मास्कमध्ये दोघांचं बोलणं रेकॉर्ड होत नाही हे मला तिथे जाऊन कळलं, म्हणून बागेत बसून बोललो, थंडीत, आणि वाऱ्याने फोमची टोपीही कमी पडली. लोकरी मोज्याचा तुकडा वर चढवला तेव्हा जमलं.

हाड की हस्तिदंत हे कसं ओळखायचं ते त्यांनी भिंग देऊन शिकवलं. हाडावर बारीक काळपट रेघा-ठिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. हे महत्त्वाचं आहे कारण इथे २०१८ चा हस्तिदंताचा कायदा आहे, २०२२ पासून लागू, विकायला जवळपास बंदीच, आणि लोक घाबरून आजीची हाडाची बॉबिनसुद्धा लपवून ठेवतात.

अक्षरं पाडताना पाहिलं. हाताच्या छोट्या गिरमिटाने एकेक ठिपका, आधी पेन्सिलीची खूणही नाही. एका एम अक्षराला पंधरा ठिपके. मी मोजत होते तर म्हणाले मोजू नका, माझं चुकेल. नाव त्यांनी माझ्या आईचं पाडायला घेतलं होतं, मला न सांगता, फोनवर बोलताना ऐकलेलं. इंग्रजी अक्षरांत, एक अक्षर चुकलेलं. मी तसंच ठेवलंय.

८ मार्च

पहिल्या आजोबांना जानेवारीअखेर अर्धांगाचा झटका आला होता, मला आत्ता कळलं. डावा हात गेला. म्हणजे ते बोट. ते आता एका वृद्धाश्रमात आहेत, बोलणं हळू झालंय पण डोकं साफ. नवा परवानगीचा कागद मी त्यांच्याकडून ऑक्टोबरातच घ्यायला हवा होता. पुढच्या वेळी नेईन, पुढच्या वेळी नेईन करत राहिले. आज मुलीच्या समोर वाचून दाखवला, प्रत्येक मुद्दा, त्यांनी उजव्या हाताने सही केली. पाच महिन्यांचा आळस होता, नशिबाने निभावलं. तुम्ही कागद पहिल्याच दिवशी घ्या.

लॅपटॉप नेला होता, त्यांना त्यांचाच व्हिडिओ दाखवायला, फक्त बरं वाटावं म्हणून. शेडमधला, ऑक्टोबरचा. सुरुवातीला नुसते बघत राहिले. मग हात वर करून म्हणाले थांबव. इथे बघ, इथे माझी पटाशी चुकली, म्हणून मी मणी घातला, म्हणजे लाकडातच गोल कडं कातलं, तिथे मणी असायचा नव्हता. परत चालू. परत थांबव. बारा मिनिटांचा व्हिडिओ बघायला दीड तास लागला. ऑक्टोबरात मी शेजारी उभी असताना जे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण हात करत होते आणि हातांना सांगायची सवय नाही, ते सगळं आता बाहेरून बघताना सुचत होतं. बोट किती दाबायचं, श्वास कधी धरायचा, यू लाकूड वळणावर का तडकतं, कुठली चूक झाकता येते आणि कुठली शेकोटीत टाकायची.

रेकॉर्डर बॅगेत होता. या वेळी तिसऱ्याच मिनिटाला विचारून चालू केला.

१५ आणि २२ मार्च

परत दोनदा गेले. दोन व्हिडिओ असेच थांबवत थांबवत. आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग हेच आहे. दुसऱ्या आजोबांबरोबरही हेच केलं, घरी, आणि तिथेही जमलं. तेव्हा पद्धत अशी ठरली: पहिली भेट ओळख आणि कागद, दुसरी हत्यारापाशी, तिसरी व्हिडिओ समोर ठेवून. एका माणसामागे टायपिंग धरून साधारण ४० तास. मी आधी सहा जणांचं ठरवलं होतं. तीनच होतील, पण नीट.

२६ एप्रिल

शेड रिकामी करायची होती. मुलीने विचारलं काही हवंय का. लेथ एका तरुण जोडप्याने घेतला, ती लेस विणते आणि त्याला शिकायचंय, त्यांना सगळ्या व्हिडिओंची कॉपी दिली, आजोबांना विचारून. हत्यारं कुठल्या खिळ्यावर होती त्याचे फोटो आधी काढले, भिंतीचा एकेक भाग, कारण उजव्या हाताशी काय आणि मागे काय यावरून काय जास्त वापरायचे ते कळतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही एकेक टिपल्या, ३१ झाडं. लेथखाली भुशात एक बॉबिन सापडलं, प्लमचं, दांडा पूर्ण, पॉलिश केलेला, मान कातायची राहिलेली, डावीकडचा चौकोनी तुकडा तसाच.

आश्रमात नेऊन दाखवलं. उजव्या हातात फिरवून बघितलं बराच वेळ. जानेवारीतलं आहे म्हणाले, मानेच्या वेळी उजेड गेला म्हणून उद्यावर ठेवलं होतं.

१८ मे

हिशेब: सुरुवातीचे २३५, पेट्रोल सुमारे १४०, फोम-दोरा-चिठ्ठ्या ११, केक आणि बिस्किटं मोजली नाहीत. रेकॉर्डिंग १९ तास, त्यातलं टाईप झालेलं १३. फोटो ९१२. एक हार्ड डिस्क आमच्याकडे, एक क्लासच्या बाईंकडे, आणि तिसऱ्या कॉपीसाठी इथल्या एका म्युझियमशी बोलणं चालू आहे. त्यांना फाईलींची यादी त्यांच्या पद्धतीने हवी, त्यात दोन आठवडे जातील.

न कातलेल्या मानेच्या बॉबिनला आज चिठ्ठी बांधली. लाकूड प्लम, लांबी १२.४ सेंमी, अपूर्ण. कारागीर या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पूर्ण नाव, आणि खाली त्यांच्याच सांगण्यावरून बायकोचं.

तिसऱ्या आजोबांकडे गुरुवारी जायचंय, टायपिंगमधल्या अडलेल्या जागा विचारायला. त्यांचा कुत्रा भुंकतो, म्हणून तो फिरायला गेलेला असतो त्या वेळेतच जायचं, अकरा ते बारा.